भूमध्य समुद्रातील बंदिवान, खंडणी आणि तह

सोळाव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत भूमध्य समुद्राच्या दोन्ही काठांवर लुटीतला सर्वांत किमती माल म्हणजे माणूस. धान्य, तेल, कापड एकदा विकले की व्यवहार संपे. पकडलेल्या माणसाला मात्र घर असे, गाव असे, राजा असे, आणि यांपैकी कोणी ना कोणी त्याच्यासाठी पैसे मोजील ही आशा असे. या आशेवर सगळा धंदा चाले. माणूस पकडायचा, त्याची किंमत ठरवायची, घरी निरोप पोचवायचा, पैसे जमवून समुद्रापार न्यायचे आणि माणूस परत आणायचा, अशा कामांची एक लांबलचक साखळी त्यातून तयार झाली. युरोपातील राज्ये आणि उत्तर आफ्रिकेतील सत्ता यांच्यात पुढे जे तह झाले, ते याच साखळीच्या आधाराने. तहांचा इतिहास दरबारापासून सांगायची रीत आहे. भूमध्य समुद्रापुरता तरी तो कैद्यांच्या कोठारापासून सांगणे अधिक योग्य ठरते.

दक्षिण काठावर अल्जियर्स, ट्युनिस आणि त्रिपोली ही तीन बंदरे या धंद्याची केंद्रे होती. तिन्ही ठिकाणी नावाला ऑटोमन सुलतानाची सत्ता होती. प्रत्यक्षात सतराव्या शतकात स्थानिक सैनिक आणि जहाजांचे कप्तान यांच्याच हाती कारभार गेला. पश्चिमेला मोरोक्को स्वतंत्र होते आणि त्याचे साले हे बंदर अटलांटिक महासागरावर नजर ठेवून होते. उत्तर काठही यात मागे नव्हता. १५३० मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सने सेंट जॉनच्या सरदारांना माल्टा बेट दिले आणि तिथून मुसलमानांच्या जहाजांवर अडीच शतके हल्ले होत राहिले. तस्कनीच्या कोसिमो द मेदिचीने १५६० च्या दशकाच्या आरंभी सेंट स्टीफनच्या सरदारांचा संघ याच कामासाठी उभारला. त्यांची लूट लिव्होर्नोच्या बंदरात उतरे. वल्ह्यांची लढाऊ जहाजे, म्हणजे गॅली, चालवायला माणसे लागत, आणि पकडलेला मुसलमान हा फुकटचा वल्हेकरी होता. युरोपात बराच काळ या साऱ्याला ‘बार्बरी चाचेगिरी’ म्हटले गेले. त्या नावाने अर्धी हकीकत झाकली जाते.

कैद्यांच्या आकड्यांबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. रॉबर्ट डेव्हिस यांच्या अंदाजानुसार १५३० ते १७८० या काळात उत्तर आफ्रिकेत दहा ते साडेबारा लाख युरोपीय गुलाम नेले गेले. थोड्या वर्षांच्या नोंदींवरून अडीचशे वर्षांचा हिशेब मांडल्याबद्दल या अंदाजावर टीका झाली आहे, आणि ती रास्त आहे. साल्व्हातोरे बोनो यांनी एकट्या इटलीतल्या मुसलमान गुलामांची संख्या चार ते पाच लाख धरली आहे. दोन्ही आकडे सावधपणेच घ्यावेत. मात्र एवढे पक्के की हा अनुभव थोड्या दुर्दैवी खलाशांपुरता नव्हता. सिसिली, कालाब्रिया, व्हॅलेन्सियाच्या किनाऱ्यावरची गावेच्या गावे टेहळणी बुरुजांच्या आधाराने जगत होती. १६२७ मध्ये चाच्यांनी थेट आइसलंड गाठून सुमारे चारशे माणसे नेली, तर १६३१ मध्ये आयर्लंडमधल्या बाल्टिमोर गावातून शंभरावर माणसे उचलली.

पकडलेल्यांची वाटणी बंदरावर होई. काही सरकारी वाट्याला जात, बाकीचे बाजारात विकले जात. सरकारी आणि मोठ्या मालकांचे कैदी रात्री ‘बान्यो’ नावाच्या कोठारात कोंडले जात. दिवसा कोणी दगड वाहत, कोणी धक्क्याच्या बांधकामावर, कोणी घरकामाला, कोणी गॅलीवर. बान्योच्या आत लहानसे प्रार्थनाघर असे, दारूचे गुत्ते असत, पुढेपुढे धर्मसंघाने चालवलेले रुग्णालयही असे. ज्यांच्याकडून पैसा मिळण्याची शक्यता, त्यांना कामाला कमी आणि साखळीला जास्त जुंपले जाई. घरी जाणाऱ्या पत्रातला सूर त्यामुळे आपोआप काकुळतीचा होई. कैद्याची लायकी ओळखणे ही मालकाची कला होती आणि आपली लायकी लपवणे ही कैद्याची.

मिगेल दे सर्व्हान्तेसला ही लपवाछपवी साधली नाही. लेपांतोच्या लढाईत डावा हात निकामी झालेला हा सैनिक सप्टेंबर १५७५ मध्ये भाऊ रोद्रिगोसह ‘सोल’ नावाच्या गॅलीवरून स्पेनला परतत होता. कॅटलोनियाच्या किनाऱ्याजवळ जहाज पकडले गेले. त्याच्या खिशात लेपांतोचा सेनापती डॉन हुआन आणि सेस्साचा ड्यूक यांची शिफारसपत्रे होती. मायदेशी बढती मिळावी म्हणून जपून ठेवलेल्या या पत्रांमुळे अल्जियर्समध्ये त्याची गणना बड्या माणसांत झाली आणि किंमत चढली. घरची परिस्थिती बेताची. आई लेओनोर दे कोर्तिनास हिने नवरा जिवंत असताना आपण विधवा आहोत असे अर्जात सांगून सरकारी मदत मिळवली. जमलेल्या पैशात १५७७ मध्ये एकटा रोद्रिगो सुटला. मिगेलने चार वेळा पळण्याचा प्रयत्न केला, चारही फसले. अखेर १५८० मध्ये त्रिनितेरियन संघाचा साधू हुआन हिल अल्जियर्सला आला. अल्जियर्सचा सुभेदार, पाशा हसन, याची मुदत संपली होती आणि तो आपल्या कैद्यांसह इस्तंबूलला निघाला होता. त्याने हजार एस्कुदो मागितले होते, सौदा पाचशे सुवर्ण एस्कुदोंवर ठरला. आई आणि बहिणीने दिलेले पैसे तीनशेच्या आसपास होते. उरलेली रक्कम हुआन हिलने दानाच्या निधीतून आणि व्यापाऱ्यांकडून उसनवारीने उभी केली. १९ सप्टेंबर १५८० रोजी सर्व्हान्तेस सुटला. जहाज एकदा इस्तंबूलला पोचले असते तर तो सुटण्याची शक्यता फारशी उरली नसती, आणि ‘डॉन किखोते’ ही त्याची कादंबरी लिहिली गेली असती की नाही, सांगता येत नाही.

या एका सुटकेत घर, सरकार, धर्मसंघ आणि व्यापारी असे व्यवस्थेचे बहुतेक सगळे हात दिसतात. त्यांत सर्वांत जुने धर्मसंघ. जॉन ऑफ माथा याच्या त्रिनितेरियन संघाला पोपने ११९८ मध्ये मान्यता दिली. उत्पन्नाचा तिसरा हिस्सा कैदी सोडवण्यासाठी ठेवायचा हा त्यांचा नियम. पीटर नोलास्कोने १२१८ च्या सुमारास बार्सिलोनात मर्सिडेरियन संघ काढला. त्याच्या साधूंची चौथी शपथ अशी की वेळ पडल्यास कैद्याच्या जागी स्वतः ओलीस राहायचे. हे साधू गावोगाव दान गोळा करत. मृत्युपत्रांतून देणग्या येत आणि त्यांना अटी चिकटलेल्या असत: आमच्याच गावचा कैदी, आधी बाई किंवा मूल, आधी सैनिक. स्पेनच्या राजाने या मोहिमांवर आपला लेखनिक नेमला आणि पैपैचा हिशेब लिहून घेतला. त्या हिशेबाच्या वह्या आजही अभ्यासकांना मोठा आधार आहेत.

अल्जियर्सला उतरल्यावर साधूंच्या हाती फार काही उरत नसे. आणलेल्या रोकड्यावर जकात द्यावी लागे. पाशाचे स्वतःचे काही कैदी त्याने सांगितलेल्या चढ्या किमतीला आधी घ्यावेच लागत. सुटलेल्या प्रत्येक माणसामागे बंदर सोडण्याचा वेगळा आकार पडे. ठरलेल्या यादीतली माणसे अशा वेळी मागे राहत आणि यादीत नसलेली जहाजावर चढत. परत आल्यावर सुटलेल्यांना शहराशहरांतून मिरवले जाई. लोकांना पुढच्या मोहिमेसाठी दान द्यावेसे वाटावे, हा त्यामागचा हिशेब होता.

प्रोटेस्टंट देशांत धर्मसंघ नव्हते, म्हणून तिथे दुसरे मार्ग निघाले. हाम्बुर्गने १६२४ मध्ये खास गुलामांच्या सुटकेसाठी निधी काढला. खलाशी आणि जहाजमालक त्यात वर्गणी भरत. सामाजिक विम्याच्या इतिहासात हा निधी आवर्जून सांगितला जातो. इंग्लंडच्या पार्लमेंटने व्यापारावर कर बसवून पैसा उभा केला आणि १६४६ मध्ये एडमंड केसन याला अल्जियर्सला पाठवले. त्याने सुमारे अडीचशे कैदी सोडवले. नंतर छापलेल्या यादीत प्रत्येकाचे नाव आणि त्यासाठी मोजलेली रक्कम आहे. केसन पुढे अल्जियर्समध्येच राहिला आणि तिथेच मरण पावला. खंडणी घेऊन आलेला माणूस हळूहळू आपल्या देशाचा कायमचा प्रतिनिधी होतो, हे या काळात अनेक ठिकाणी घडले. कॅथलिक इटलीतही राज्यसंस्था पुढे आल्या. नेपल्समध्ये १५४८ मध्ये, तर जेनोवात १५९७ मध्ये कैद्यांच्या सुटकेसाठी स्वतंत्र संस्था निघाली.

या सर्वांपेक्षा सातत्याने काम चालले ते व्यापाऱ्यांचे. लिव्होर्नोचे यहुदी व्यापारी, ट्युनिसच्या किनाऱ्याजवळच्या ताबार्का बेटावरचे जेनोवी, मार्सेयचे दलाल यांची माणसे दोन्ही काठांवर असत. कैद्याच्या घरच्यांनी लिव्होर्नोत पैसे भरायचे, हुंडी ट्युनिसला जायची, माणूस सुटायचा आणि दलाली, व्याज, विमा धरून हिशेब पुरा व्हायचा. ऐन युद्धातही हा व्यवहार थांबत नसे. सुलतान आणि राजे एकमेकांशी बोलत नव्हते तेव्हा त्यांच्या प्रजेच्या हुंड्या वटत होत्या, ही या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट मानायला हवी. तहाची बोलणी करायची वेळ आली तेव्हा ओळखीचे, पत असलेले, भाषा जाणणारे मध्यस्थ आधीच जागेवर होते.

दोन्ही काठांवरचे कैदी एकमेकांना जामीन असल्यासारखे होते. एका काठावर कैद्याला त्रास झाला की दुसऱ्या काठावर त्याचे पडसाद उमटत. १६०८ मध्ये अल्जियर्सच्या एका सैनिकाची लहान मुलगी फातिमा पकडली गेली. खंडणी ठरली, ती घरी निघाली, आणि वाटेत जहाज कॉर्सिकातल्या काल्व्ही बंदरात थांबले असता तिचा बाप्तिस्मा करण्यात आला. ख्रिस्ती झालेल्या मुलीला परत पाठवायला तिथले अधिकारी तयार होईनात. इकडे १६०९ मध्ये बेर्नार्दो दे मोनरॉय आणि त्याचे दोन त्रिनितेरियन सोबती कैदी सोडवून निघण्याच्या तयारीत होते. अल्जियर्सने त्यांना सोडवलेल्या कैद्यांसकट अडकवले: मुलगी द्या, साधू न्या. माद्रिद, रोम, जेनोवा, इस्तंबूल अशी पत्रे वर्षानुवर्षे फिरत राहिली. फातिमा परत आली नाही आणि तिघे साधू अल्जियर्समध्येच मरण पावले. डॅनियल हर्शेनझॉन यांनी हे प्रकरण उलगडून दाखवले आहे. एका लहान मुलीपायी चार राज्यसत्तांचा पत्रव्यवहार अडकून पडावा, यावरून खंडणी हा कधीच निव्वळ खासगी सौदा नव्हता हे कळते.

मुसलमान कैद्यांची बाजू कागदपत्रांत विरळ दिसते. कैदी सोडवणे हे इस्लामी धर्मशास्त्रात पुण्यकर्म आहे आणि मानेवरचे जोखड उतरवणे ही जकातीचा, म्हणजे धर्मदानाचा, पैसा खर्च करण्याची एक मान्य बाब आहे. तरीही त्रिनितेरियनांसारखी कायम संघटना तिकडे उभी राहिली नाही; भर राहिला तो कुटुंब, व्यापारी आणि अदलाबदल यांवर. माल्टा आणि लिव्होर्नोच्या बान्योंत मुसलमानांना नमाजाची जागा असे. ही उदारता अल्जियर्समधल्या प्रार्थनाघरांशी बांधलेली होती. एक बंद केले तर दुसरे बंद होणार, हे दोघेही जाणून होते. सर्वांत वाईट दशा फ्रान्सच्या गॅलींवरच्या मुसलमानांची. चौदाव्या लुईला वल्हेकरी हवे होते, म्हणून त्याचे अधिकारी माल्टा आणि लिव्होर्नोच्या बाजारात ‘तुर्क’ विकत घेत. तहात परस्परांचे कैदी सोडण्याचे कलम असले तरी धडधाकट वल्हेकरी दडवून म्हातारे आणि आजारी तेवढे परत पाठवायचे, अशी त्यांची चाल होती.

युरोपीय राज्यांचे पहिले करार इस्तंबूलशी झाले. फ्रान्सला १५६९ मध्ये, इंग्लंडला १५८० मध्ये आणि डच प्रजासत्ताकाला १६१२ मध्ये सुलतानाने व्यापारी सवलती दिल्या. पण सुलतानाने दिलेला शब्द अल्जियर्स पाळीलच असे नव्हते. म्हणून सतराव्या शतकात थेट अल्जियर्स, ट्युनिस, त्रिपोलीशी तह करण्याची वेळ आली, आणि या तहांचे पहिले विषय कैद्यांचेच होते.

फ्रान्सचे उदाहरण यासाठी बघण्यासारखे आहे. सिमॉन डान्सा नावाचा डच चाचा अल्जियर्सच्या नोकरीत होता. १६०९ मध्ये तो पळून मार्सेयला आला तेव्हा पाशाच्या मालकीच्या दोन पितळी तोफा त्याच्या जहाजावर होत्या, आणि त्या त्याने प्रोव्हान्सच्या गव्हर्नरला, गीझच्या ड्यूकला, भेट दिल्या. पुढची वीस वर्षे अल्जियर्सचे एकच म्हणणे राहिले: तोफा परत करा, आमची माणसे परत करा. १६१९ मध्ये तह ठरला. तो पक्का होण्याआधी, १६२० मध्ये, अल्जियर्सच्या एका कप्तानाने फ्रेंच जहाजावरच्या माणसांची कत्तल केल्याची बातमी मार्सेयला आली. खवळलेल्या जमावाने शहरात आलेल्या अल्जियर्सच्या वकिलांना आणि त्यांच्यासोबतच्या मुसलमानांना ठार मारले. तह बुडाला. तो पुन्हा सावरला सान्सों नापोलों या कॉर्सिकन व्यापाऱ्याने. राजाकडून परवानगी, मार्सेयच्या व्यापाऱ्यांकडून पैसा, गॅलींवरचे मुसलमान कैदी आणि त्या दोन तोफा, एवढे सगळे जमवून तो अल्जियर्सला गेला, आणि १६२८ मध्ये तह झाला. त्यात पोवळ्यांच्या मासेमारीची सवलतही होती. पाच वर्षांनी ताबार्कावरच्या हल्ल्यात नापोलों मारला गेला आणि तहाचा आधारच तुटला. असे तह दोन राज्यांमध्ये होत खरे, पण ते टिकत ते एखाद्या माणसाच्या विश्वासार्हतेवर.

तह झाल्यावर समुद्रावर मित्र कोण आणि शत्रू कोण हे ओळखायचे कसे? इंग्लंडने १६६२ च्या तहापासून यासाठी परवान्यांची पद्धत आणली. चर्मपत्रावर जहाजाचे चित्र कोरून छापलेला हा परवाना वरच्या बाजूने नागमोडी कापला जाई. खालचा मजकुराचा भाग इंग्रज कप्तानाकडे, वरचे तुकडे अल्जियर्सच्या कप्तानांकडे. समुद्रात गाठ पडली की दोन्ही कडा जुळवून बघायच्या. जुळल्या तर जहाज सोडायचे. इंग्रजी न येणाऱ्या माणसालाही ही खूण पटे, म्हणून ती टिकली. हरकत एकच होती. परवान्याला बाजारात किंमत आली आणि खोटे व उसने परवाने फिरू लागले.

या तहांनी माणसे पकडणे बंद झाले नाही. कोणाला पकडायचे तेवढे ठरले. अल्जियर्सची सगळ्यांशी एकदम शांतता झाली असती तर तिच्या जहाजांना कामच उरले नसते. त्यामुळे एकाशी तह म्हणजे दुसऱ्याशी युद्ध, असेच चाले. डचांनी १६७९ च्या तहानंतर तोफा, दारूगोळा आणि जहाजबांधणीचे सामान नजराण्यात दिले आणि तेच सामान मग इतरांच्या जहाजांवर वापरले गेले. स्वीडनने १७२९ मध्ये आणि डेन्मार्कने १७४६ मध्ये तह करून आपला मालवाहतुकीचा धंदा वाढवला. स्वातंत्र्यानंतर अमेरिकेच्या जहाजांना ब्रिटिश परवाने मिळेनासे झाले, आणि १७८५ मध्ये त्यांची दोन जहाजे पकडली गेली. १७९३ मध्ये पोर्तुगाल आणि अल्जियर्स यांची युद्धबंदी होताच अल्जियर्सच्या जहाजांना जिब्राल्टरची वाट मोकळी झाली आणि अमेरिकेची आणखी अकरा जहाजे पकडली गेली. १७९५ च्या तहात अमेरिकेने एकरकमी सहा लाख डॉलरहून अधिक रक्कम आणि वार्षिक नजराणा कबूल केला. नेपल्स, सार्डिनिया, सिसिली यांच्यासारख्या कमकुवत राज्यांच्या किनाऱ्यावरचे गरीब लोक मात्र अखेरपर्यंत पकडले जात राहिले. थोरांच्या तहांची किंमत त्यांनी मोजली.

मोरोक्कोच्या सुलतानांनी कैद्यांचा प्रश्न राजनीतीत सर्वांत कुशलतेने वापरला. १६१२ मध्ये सुलतान झिदानचा ग्रंथसंग्रह घेऊन जाणारे फ्रेंच जहाज स्पॅनिश आरमाराने पकडले आणि ती हजारो हस्तलिखिते एस्कोरियालच्या ग्रंथालयात पोचली. १६८९ मध्ये मौले इस्माइलने लाराश बंदर जिंकून तिथली स्पॅनिश शिबंदी कैद केली. दुसऱ्या वर्षी त्याचा वकील अल-घस्सानी माद्रिदला गेला. मागणी अशी: शंभर स्पॅनिशांच्या बदल्यात पाचशे मुसलमान कैदी आणि पाच हजार ग्रंथ. एस्कोरियालमधल्या १६७१ च्या आगीत झिदानच्या संग्रहातले बरेच ग्रंथ जळाले होते. उरलेले द्यायलाही स्पेन राजी नव्हते. अखेर ग्रंथांच्या ऐवजी आणखी कैदी घेऊन मिटवामिटव झाली. अल-घस्सानीचे प्रवासवर्णन आजही अरबीत वाचले जाते. पुढच्या शतकात सुलतान मुहम्मद बिन अब्दुल्लाने ही नीती व्यापक केली. त्याने १७६७ मध्ये स्पेनशी तह केला आणि वकील अल-मिकनासीला माद्रिद, माल्टा, नेपल्सला पाठवून आपल्याच प्रजेपुरते न पाहता इतर देशांचे मुसलमान कैदीही सोडवले. त्या काळातल्या कोणत्याही ख्रिस्ती राजाने परक्यांच्या प्रजेसाठी एवढी खटपट केल्याचे दिसत नाही.

खंडणीला पर्याय म्हणून तोफा वापरण्याचा मार्ग फ्रान्सने १६८० च्या दशकात धरला. फ्रेंच आरमाराचा सेनानी द्युकेन याने १६८२ आणि १६८३ मध्ये अल्जियर्सवर गोळे डागले. तिथला फ्रेंच कॉन्सल जाँ ल व्हाशे हा व्हिन्सेंट द पॉलच्या संघाचा धर्मगुरू. पस्तीस वर्षांच्या आसपास तो ट्युनिस आणि अल्जियर्समध्ये कैद्यांची सेवा करत होता. जुलै १६८३ मध्ये त्याला तोफेच्या तोंडी देण्यात आले. १६८४ मध्ये शंभर वर्षांचा म्हणून तह झाला, आणि चौथ्याच वर्षी पुन्हा तोफा सुरू झाल्या. शहर जळले तरी कैदी सुटण्याचा वेग वाढला नाही. सुटका झाली ती नंतरच्या बोलण्यांतून.

नेपोलियनने १७९८ मध्ये माल्टा घेतले आणि तिथली गुलामी रद्द केली, तेव्हा उत्तर काठावरचे सर्वांत मोठे केंद्र संपले. दक्षिण काठाचा शेवट ब्रिटिश आरमाराने केला. २७ ऑगस्ट १८१६ रोजी लॉर्ड एक्समथने डच जहाजांच्या मदतीने अल्जियर्सवर हल्ला केला. दुसऱ्या दिवसापासूनच्या बोलण्यांत अल्जियर्सचा शासक, डे, याने हजारावर कैदी सोडले, नेपल्स आणि सार्डिनियाकडून त्याच वर्षी घेतलेली खंडणी परत केली आणि यापुढे ख्रिस्ती माणसाला गुलाम करणार नाही असे लिहून दिले. सहारा ओलांडून आणल्या जाणाऱ्या काळ्या आफ्रिकी गुलामांचा त्या करारात उल्लेखही नव्हता. ट्युनिसच्या अहमद बे याने १८४६ मध्ये स्वतःहून गुलामी बंद केली. अल्जीरियात ती कायद्याने बंद झाली १८४८ मध्ये, फ्रेंच सरकारच्या हुकमाने. तेव्हा अल्जियर्स फ्रान्सने जिंकून अठरा वर्षे झाली होती.